मागच्या सीटवरची आपण

मैत्रिणींनो, कुठल्याही गावात सकाळी शाळा भरायच्या वेळी फाटकाशी पाच मिनिटं उभं राहा आणि येणाऱ्या स्कूटर पाहा. बाबा गाडी चालवताहेत, धाकटा त्यांच्या पुढ्यात हँडल धरून उभा, मागे थोरली, आणि तिच्याही मागे, सीटच्या अगदी टोकाला, एका बाजूला पाय सोडून बसलेली आई. तिच्या खांद्याला दोन दप्तरं, हातात पाण्याची बाटली. हेल्मेट असलंच तर एक, आणि ते बाबांच्या डोक्यावर. चौकात हटकलं जातं ते बहुतेक वेळा चालवणाऱ्यालाच, म्हणून घरातही तेवढंच एक डोकं मोजायची सवय आपल्याला पडून गेली आहे.

स्कूटरला नावं ठेवायला मी हा लेख लिहीत नाही बरं का! घर, दुपारची अर्धवेळ शाळा, मंडई, सासूबाईंचे दवाखाने हे सगळं एका दिवसात बसतं ते स्कूटरमुळेच. पण स्कूटर घेताना आपण रंग पाहतो, अॅव्हरेज विचारतो, हप्ता किती ते ठरवतो. तिच्यावर रोज कोण, कुठं आणि कसं बसणार याचा विचार मात्र कुणी करत नाही. आणि त्याची किंमत बहुतेक वेळा मागे बसणारी मोजते. २०२२ साली आपल्या देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं दुचाकीच्या अपघातांत गेली. त्यांतली १४,३३७ माणसं गाडी चालवत नव्हती, ती नुसती मागे बसलेली होती. हे आकडे केंद्र सरकारच्या अहवालातले आहेत. त्यांत आपल्यासारख्या कितीजणी असतील, हे ज्याचं त्यानं मनाशी ताडून पाहावं.

स्कूटर आपल्या घरात आली कशी

आमच्या साताऱ्याचं स्कूटरशी जुनं नातं आहे. १९७५ साली सरकारी विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून इथं महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि ‘प्रिया’ नावाची स्कूटर साताऱ्यात तयार होऊ लागली. त्याआधी १९७२ मध्ये ‘चेतक’ आली होती. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची, असे ते दिवस. ज्या घरात चेतक आली त्या घरात पेढे वाटले जात.

मोटरसायकल सोडून घरोघरी स्कूटर का आली, याचं कारण तिच्या बांध्यात आहे. मधली जागा मोकळी, त्यामुळे साडी नेसलेल्या बाईला टांग टाकून चढावं लागत नाही. इंजिन झाकलेलं, म्हणून कपड्यांना तेल लागत नाही. पायाशी सपाट जागा, तिथं पिशवी राहते. म्हणजे स्कूटर ही मुळातच घरच्या माणसांची गाडी. पण गिअर आणि किक यांमुळे बराच काळ ती चालवली पुरुषांनीच; आपल्या वाट्याला मागची सीट आली. १९८४ साली किनेटिक होंडानं बिनगिअरची, बटणावर चालू होणारी स्कूटर आणली आणि चित्र बदलायला लागलं. पुढं २००१ मध्ये अॅक्टिव्हा आली. आता तर ‘चेतक’ हे नाव २०२० पासून विजेवर चालणाऱ्या गाडीवर पुन्हा दिसू लागलं आहे. गाडी बदलली, रस्ते बदलले. बसायची रीत मात्र बऱ्याच घरांत अजून जुन्या चेतकच्या काळातलीच आहे.

आधी माणसं मोजा

कायदा अगदी साधा आहे. दुचाकीवर चालवणारा आणि त्याच्या मागे एक, अशी दोनच माणसं. लहान मूल हेही माणूसच. ‘एवढंसं तर आहे, मांडीवर बसेल’ हे आपलं म्हणणं, कायद्याचं नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी स्कूटरचं गणित बदलत नाही. तिची चाकं मोटरसायकलपेक्षा लहान, त्यामुळे खड्डा तिला जास्त जाणवतो. मागे वजन वाढलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरतं. तासाला चाळीस किलोमीटर हा काही मोठा वेग वाटत नाही; पण त्या वेगानं गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. म्हणजे समोर कुत्रं आडवं आल्याचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत आपण दोन मोठ्या खोल्यांएवढं अंतर कापलेलं असतं. त्यात चौघांचं ओझं असलं तर ब्रेक लागूनही गाडी लवकर थांबत नाही.

मग चौघांच्या घरानं करायचं काय? आमच्या शेजारच्या वहिनींनी यावर जो मार्ग काढला तो मला फार आवडला. त्यांची दोन मुलं एकाच शाळेत, शाळा दोन किलोमीटरवर. त्यांनी सरळ दोन फेऱ्या ठरवल्या. थोरलीला पंधरा मिनिटं आधी सोडायचं, परत येऊन धाकट्याला न्यायचं. सुरुवातीला भाऊजी कुरकुरले, ‘पेट्रोल फुकट जातं!’ वहिनींनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. जादा फेरी जाऊन-येऊन चार किलोमीटर. गाडी लीटरला चाळीस देत असेल तर जास्तीचं पेट्रोल शंभर मिलिलीटर. चहाच्या एका कपाएवढं! त्यावर भाऊजींना काही बोलायला उरलं नाही.

ज्यांना दोन फेऱ्या जमत नाहीत त्यांनी शेजारणीशी वाटणी करावी. सकाळी तुझी गाडी, दुपारी माझी. पण दर फेरीला एकच मूल. थोडी मोठी मुलं एकत्र चालत जाऊ शकतात, शाळेची बस असली तर उत्तमच. आणि लग्नाकार्याला चौघांनी जायचं असेल त्या दिवशी रिक्षा करावी. पैठणी नेसून, मांडीवर मूल आणि हातात आहेराची पिशवी घेऊन सीटच्या टोकावर तोल सांभाळण्यात कसली आली आहे काटकसर?

पदर, ओढणी आणि चाक

मागे बसायचं ते दोन्हीकडे पाय टाकून. एका बाजूला बसलं की सगळं वजन डावीकडे जातं. चालवणाऱ्याला गाडी उजवीकडे ओढून धरावी लागते आणि जोरात ब्रेक लागला तर आपल्याला सावरायला काहीच नसतं. आपल्या आज्यांची नऊवारी असती तर हा प्रश्नच नव्हता. काष्टा घालून त्या घोड्यावर बसत, स्कूटरचं काय घेऊन बसलात! पाचवारी नेसणाऱ्यांनी घेरदार परकर घालावा आणि निऱ्या गुडघ्यांशी नीट आवरून घ्याव्या, सवयीनं जमतं. रोज ये-जा करणाऱ्यांना पंजाबी ड्रेस सोयीचा.

ज्यांना गुडघेदुखीमुळे किंवा वयामुळे एका बाजूलाच बसावं लागतं त्यांनी निदान एवढं तरी पाहावं: पाय टेकायला डावीकडे पट्टी आहे ना, धरायला दांडी आहे ना, आणि चाकावर जाळी आहे ना. या तीन गोष्टी म्हणजे शोरूमवाल्याची मेहेरबानी नव्हे. मोटार वाहनांच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांतच लिहिलं आहे की मागे बसणाऱ्यासाठी पक्की पकड हवी, पाय ठेवायची सोय हवी, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं तरी झाकलेलं हवं. कुणी दिसायला बरं दिसतं म्हणून जाळी काढून टाकली असेल तर आधी ती बसवून घ्या.

जाळी असली तरी पदर मोकळा सोडू नये. डाव्या खांद्यावरून पुढं घ्यावा आणि कमरेला घट्ट खोचावा. ओढणी तर त्याहून फसवी. वाऱ्यानं ती मागे उडते, चाकात गुंतते आणि फास गळ्याला बसतो, हे सगळं एका क्षणात होतं. ओढणीची दोन्ही टोकं मागे नेऊन कमरेशी गाठ मारावी, नाहीतर सरळ घडी करून पर्समध्ये ठेवावी आणि उतरल्यावर घ्यावी. शाळेत मी मोठ्या मुलींना हे दर जूनमध्ये सांगते. त्या हसतात, पण गाठ मारतात.

दुसरं हेल्मेट

‘मागे बसणारीला कशाला हेल्मेट?’ हा प्रश्न मी शिकलेल्या घरांतही ऐकला आहे. कायदा म्हणतो, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मग तो चालवणारा असो वा मागे बसणारा. पण कायद्यापेक्षा साधी गोष्ट सांगते. चालवणाऱ्याला खड्डा दिसतो, तो मनाची तयारी करतो, त्याच्या हातात हँडल असतं. मागे बसणारीला यातलं काहीच नसतं. खड्डा तिला कळतो तो बसल्यावरच. मग जपायला जास्त कुणाला हवं?

आपली कारणं मला माहीत आहेत. केस बसतात, अंबाडा मोडतो, गजरा चुरगळतो, उकडतं. उंच अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही हे खरंच. वर तरंगणारं हेल्मेट घालून उपयोगही नाही. तेव्हा स्कूटरवर जाताना सैल वेणी किंवा मानेशी आलेली अगदी खालची गाठ. गजरा डब्यात घालून न्यावा आणि हळदीकुंकवाच्या दारात माळावा. हेल्मेटच्या आत पातळ सुती रुमाल बांधला तर घाम टिपला जातो आणि तो रोज धुताही येतो.

घेताना आयएसआयची खूण आणि तिच्यासोबत ४१५१ हा आकडा पाहा. रस्त्याच्या कडेला टोपल्यांत मांडलेली हलकी टोपी ही टोपीच. डोकं वाचवणं तिचं काम नाही. डोक्यावर घालून मान हलवून पाहा, हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. हनुवटीखालचा पट्टा लावलाच पाहिजे. न लावलेलं हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी निघून जातं. आणि एकदा जोराचा मार बसलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी पुन्हा वापरू नये. एका बऱ्यापैकी साडीच्या किमतीत हे काम होतं. यंदा संक्रांतीला साडीऐवजी हेल्मेट मागून तर पाहा!

पुढं उभं राहणारं मूल

हा भाग आयांनी जरा थांबून वाचावा. मूल पुढं उभं असलं की आपल्याला वाटतं, डोळ्यांसमोर आहे, हातांच्या मध्ये आहे. पण ब्रेक लागला की त्याचं तोंड हँडलवर किंवा आरशावर आपटतं, आणि मागून आपलं सगळं वजन त्याच्यावर येतं. त्याची जागा मागे, चालवणाऱ्याला पट्ट्यानं बांधलेली. १५ फेब्रुवारी २०२३ पासून तसा नियमच आहे: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चालवणाऱ्याशी जोडणारा सुरक्षा पट्टा आणि वेग चाळीसच्या आत. चार वर्षांवरच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट. बाबांचं हेल्मेट त्याच्या डोक्यावर घालून फोटो काढावा, रस्त्यावर नेऊ नये.

दुसरी एक गोष्ट फार घरांत घडते. दूध घ्यायला उतरायचं म्हणून आपण गाडी बाजूला घेतो, इंजिन चालूच ठेवतो, आणि मूल पुढं तसंच. खेळता खेळता त्यानं मूठ पिळली की बिनगिअरची गाडी सुसाट निघते. विजेच्या गाडीला तर आवाजच नसतो, चालू आहे की बंद हे लक्षातही येत नाही. म्हणून एक नियम करा: पाय जमिनीवर टेकला की किल्ली बंद करून हातात. मुलाला आधी उतरवा, मग पिशवी. आणि उतरवायचं ते डाव्या बाजूनं. बहुतेक स्कूटरचा सायलेन्सर उजवीकडे असतो आणि लहानग्यांची पोटरी त्याला नेमकी लागते. भाजलंच तर आधी दहा-वीस मिनिटं नळाचं साधं पाणी सोडा, टूथपेस्ट किंवा हळद नको. मग डॉक्टरांना दाखवा.

पिशव्या, पाऊस आणि उतार

मंडईची पिशवी हँडलच्या टोकाला अडकवू नये. वळताना ती आड येते आणि गाडी एका बाजूला ओढते. पुढच्या हुकला हलकी पिशवी, पायाशी जड, आणि ती पण पाय नीट ठेवता येतील इतकीच. भरलेला गॅस सिलिंडर पायाशी ठेवून आणणं थांबवा. सीटखालच्या डिकीत इंजिनाची ऊब लागते, म्हणून दूध, औषधं आणि मुलांचं चॉकलेट तिथं फार वेळ नको. मागे बसणारीच्या हाती सामान देऊ नये. तिचा एक हात तरी धरायला मोकळा हवाच.

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते आणि रस्ता साबणासारखा होतो. पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं ओली असताना त्यांच्यावर ब्रेक मारू नये. ब्रेक दोन्ही मिळून, हळूहळू दाबावेत. २०१९ च्या एप्रिलनंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांत डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो, जुन्या गाड्यांत तसं नाही, हे माहीत असू द्या. पावसात मागे बसून छत्री उघडायची नाही. छत्रीत वारा भरला की गाडीच वळते. दोघांनाही रेनकोट हवेत.

आमच्याकडे राजवाड्यापासून पोवई नाक्याकडे उतार आहे. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे महाभाग मी रोज पाहते. किल्ली बंद केली की हॉर्न गेला आणि मागचा ब्रेकचा दिवाही गेला. मागून येणाऱ्या बसवाल्याला कळणार कसं? वाचतं ते चमचाभर पेट्रोल!

रविवारची दहा मिनिटं

डाळ-तांदूळ निवडतो तसं आठवड्यातून एकदा गाडीकडे पाहावं. टायरमधली हवा आठवड्याला तपासावी. डबलसीट जायचं असेल तर मागच्या चाकात हवा जास्त लागते. किती, ते गाडीबरोबरच्या पुस्तकात दिलेलं असतं. ब्रेक दाबून पाहावेत, फार आत जात असतील तर गॅरेजवाल्याकडून आवळून घ्यावेत. भिंतीसमोर गाडी उभी करून पुढचा दिवा, इंडिकेटर, आणि कुणाला मागे उभं करून ब्रेकचा दिवा पाहावा. टायरच्या नक्षीची झीज झाली असेल तर पावसाळ्याआधी बदलावा.

कागदपत्रांत विमा पाहायला विसरू नका. नुसता ‘थर्ड पार्टी’ विमा असेल तर मागे बसलेल्या माणसाला त्यातून भरपाई मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ आणि २००८ च्या निकालांत म्हटलं आहे. मुदत संपत आली की ‘मागे बसणाऱ्याचं काय?’ हा प्रश्न एजंटला आपण स्वतः विचारावा आणि उत्तर पॉलिसीवर बोट ठेवून दाखवायला सांगावं. हा कागद घरातला पुरुष सही करून कपाटात ठेवतो. पण त्यात आपली जागा आहे की नाही हे आपण वाचायला हवं.

किल्ली आणि जीभ

ज्यांना शक्य आहे त्यांनी गाडी चालवायला शिकावंच. आधी शिकाऊ परवाना, तीस दिवसांनंतर पक्क्यासाठी परीक्षा. सकाळी मोकळ्या मैदानावर, इंजिन बंद ठेवून नुसती गाडी ढकलत तोल आणि वजन ओळखण्यापासून सुरुवात केली की भीती निम्मी होते. एक मात्र सांगते: परवाना हातात आला की घरातली सगळी आणणं-पोचवणं आपल्याच गळ्यात पडतात. ‘तुला गाडी येते ना?’ झालं! तेव्हा किल्ली घेतानाच कामांची वाटणी करून घ्यावी. आणि अठरा पुरे न झालेल्या चिरंजीवांच्या हाती किल्ली देऊ नये. त्याच्या हातून काही घडलं तर पालकांना पंचवीस हजारांचा दंड आणि तुरुंगही होऊ शकतो.

आणि ज्या मागेच बसणार त्यांनी गप्प बसू नये. ‘अहो, जरा हळू’ म्हटलं की ‘चालवतोय कोण?’ असं उत्तर येतं, म्हणून कितीजणी डोळे मिटून जीव मुठीत धरून बसतात! वेग दोघांचा आहे, कारण पडलं तर दोघंही पडणार. घरी बसून, शांतपणे, गाडी चालू नसताना एकदा बोलून घ्या. खांद्यावर दोनदा थोपटलं की वेग कमी करायचा, ही खूण आमच्या घरी ठरलेली आहे. आमचे हे कधी कुरकुरतात, पण वेग कमी करतात.

तर मैत्रिणींनो, आज संध्याकाळी एवढंच करा. दाराशी किल्ली टांगायच्या खुंटीजवळ आणखी एक खुंटी ठोकून घ्या आणि तिच्यावर आपलं हेल्मेट अडकवा. किल्ली काढणाऱ्याच्या हाताला ते आपोआप लागेल, आणि निघताना माणसं दोन आहेत याची त्याला आठवण राहील.